जुनेराचा कागद

वापरून, धुऊन विरलेल्या सुती कापडाला आपल्याकडे जुनेर म्हणतात. त्याचं दुपटं होतं, गोधडीच्या आतला थर होतो, शेवटी पोतेरं होतं. याच जुनेराचा उत्तम कागदही होतो, आणि तोही साधासुधा नव्हे. जलरंगाच्या चित्रकाराला हवा असतो तसा जाड, खरबरीत, पाणी पिऊनही न फाटणारा कागद.

असा कागद हाताने करणारी हातकागद संस्था पुण्यात शिवाजीनगरला आहे. गांधीजींच्या पुढाकाराने १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मोडीत निघालेल्या हातकागदाच्या धंद्याकडे पुन्हा लक्ष गेलं. त्याच प्रेरणेतून के. बी. जोशी यांनी १९४० साली ही संस्था उभारली. आज ती राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे आहे. राज्यघटनेची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली, तिचा कागद पुण्यातच तयार झालेला होता.

हातकागदाचं काम निवडण्यापासून सुरू होतं. बटणं, हुक, चेन, जाड शिवण काढून टाकायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॉलिएस्टर वेगळं काढायचं. खात्री नसेल तर एक धागा जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. घरातल्या कपड्यांत हल्ली मिश्र धागाच फार, म्हणून कारखाने बनियनच्या होजिअरी कात्रणांवर जास्त भर देतात.

चिंध्यांचे बारीक तुकडे मग बीटरमध्ये जातात. लांबट हौदात पाणी फिरत राहतं आणि पात्यांच्या रुळाखालून चिंधी पुन्हा पुन्हा जाते. १७व्या शतकात हॉलंडमध्ये या यंत्राची घडण झाली. बीटर चिंधी नुसती कापत नाही, तर रगडतो. तंतू चेचून त्याला बारीक कुसं फुटली पाहिजेत, कारण कागद धरून ठेवायला गोंद नसतो. पाणी उडून जाताना ही कुसंच एकमेकांना घट्ट बिलगतात.

लगदा भरपूर पाण्यात सोडतात. कारागीर जाळीची चौकट त्यात तिरकी बुडवतो, आडवी वर उचलतो आणि एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे हलवतो. पाणी गळून जातं, जाळीवर सायीसारखा थर उरतो. चौकट कापडावर पालथी घातली की ताव सुटतो. मग दाबयंत्राखाली पाणी काढायचं आणि ताव वाळवायचे. शेवटी खळ द्यायची, म्हणजे रंग लगेच आत झिरपत नाही, थोडा वेळ वर थांबतो.

टाकाऊपासून कागद ही रीत आपल्या मातीत जुनी आहे. जुन्नरचा कागद पूर्वी नावाजलेला होता आणि दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याच्या तर नावातच कागद आहे. जुने कागदी कारागीर झिजलेले दोर, फाटकं गोणपाट चुन्याच्या पाण्यात कुजवत आणि पायाने चालवायच्या जड मुसळाखाली कुटत. वाळलेल्या कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू कुठे अडत नसे.

हे घरी करून पाहायचं म्हणून मी एका जुन्या बनियनचे तुकडे सोडा घालून उकळले आणि मिक्सरमध्ये घातले. मिनिटाभरात धागे पात्याला गुंडाळले, मोटरचा जळका वास आला, बंद करावं लागलं. कापणं आणि कुटणं यातला फरक मला तेव्हा कळला. रद्दी कागदाचं तसं नसतं. त्याचे तंतू एकदा सुटे झालेले असतात, म्हणून रात्रभर भिजवून भरपूर पाण्यात मिक्सरला लावला तरी चालतो. वह्यांची कोरी पानं घ्यावीत. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, तो लवकर पिवळा पडतो. चौकटीला तसबिरीची जुनी फ्रेम आणि मच्छरदाणीची जाळी पुरते.

बनियनचे उरलेले तुकडे मी खलबत्त्यात कुटले. मूठभर लगद्याला सबंध दुपार गेली आणि कागद निघाला तळहाताएवढा. वाळल्यावर त्यावर भाताची पातळ पेज फिरवली, पुन्हा वाळू दिला आणि निळ्या रंगाचा ओला कुंचला टेकवला. रंग कडेला पळाला नाही, थांबला, हळूहळू पसरला. मला दुसरा रंग मिसळायला सवड मिळाली. बाजारातला नवा कोरा कपडा पाण्यात टाकला की आधी तरंगतो. जुनेराचं तसं नाही. शेकडो धुण्यांत त्याची खळ गेलेली असते, धागा मऊ आणि मोकळा झालेला असतो. म्हणून कागद करणाऱ्यांनी जुन्या चिंधीला नेहमीच मान दिला. त्या तळहाताएवढ्या तावात वर्षानुवर्षं घाम आणि पाणी शोषलेला कापूस होता. पाणी धरून ठेवणं त्याला कोणी नव्याने शिकवावं लागलं नाही.