जॉन केज यांची ‘४ मिनिटे ३३ सेकंद’: शांततेची रचना

२९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे पियानोवादक डेव्हिड ट्यूडर वाद्यासमोर बसले. त्यांनी पियानोचे झाकण मिटले आणि ते घड्याळाकडे पाहत राहिले. जॉन केज यांच्या या रचनेचे तीन भाग होते: ३३ सेकंद, २ मिनिटे ४० सेकंद आणि १ मिनिट २० सेकंद. भाग संपला की झाकण उघडायचे, पुढचा सुरू होताना पुन्हा मिटायचे. शेवटपर्यंत एकही स्वर वाजला नाही. अनेक श्रोते चिडले.

‘काहीच न वाजवता संगीतकार म्हणवून घेतो’ ही टिंगल आजही ऐकू येते. मात्र या रचनेमागे एक युक्तिवाद आहे आणि तो विद्यार्थ्यांनी समजून घ्यायला हवा. नादाची उंची, त्याचा लहानमोठेपणा आणि त्याची जात हे गुण फक्त नादालाच असतात. कालावधी मात्र नादालाही असतो आणि शांततेलाही. म्हणून संगीताची बांधणी काळावरच व्हावी, असे केज १९४८ पासून मांडत होते. आपल्याकडच्या तबलावादकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. दमदार तिहाईतला ‘दम’ मोजूनच धरावा लागतो, नाहीतर सम चुकते.

पुढे केज हार्वर्ड विद्यापीठातील प्रतिध्वनिरहित कक्षात गेले. तिथे पूर्ण शांतता मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ऐकू आले दोन आवाज, एक उंच आणि एक खालचा. उंच आवाज मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा, असे तिथल्या अभियंत्याने सांगितल्याचे केज लिहितात. (यातले पहिले स्पष्टीकरण टिकणारे नाही, ती बहुधा कानातली गुणगुण असावी.) केज यांचा निष्कर्ष मात्र त्यावर अवलंबून नाही. ऐकणारा जिवंत आहे तोवर त्याच्याभोवती पूर्ण निःशब्दता नसते. ज्याला आपण शांतता म्हणतो, ते कोणी मुद्दाम न केलेले आवाज असतात.

ही कसोटी लावली तर वुडस्टॉकला ‘काहीच वाजले नाही’ असे म्हणता येत नाही. केज यांच्या आठवणीप्रमाणे पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पडणारे पावसाचे थेंब आणि तिसऱ्यात श्रोत्यांची कुजबुज व उठून जाणाऱ्यांची पावले.

स्टीफन डेव्हिस या तत्त्वज्ञांचा आक्षेप वेगळा आणि अधिक वजनदार आहे. त्यांच्या मते ही कलाकृती आहे, पण संगीत नाही; संगीताच्या सादरीकरणाविषयीचे ते एक नाट्य आहे. झाकणाची उघडझाप पाहता हे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही.