कुलाबा स्टेशन : आधी कापूस गेला, मग गाडी

चर्चगेटला लोकलमधून उतरणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, ही गाडी एके काळी येथे थांबून परत फिरत नसे? ती पुढे कुलाब्यापर्यंत जात असे.

१८४४ पासून मुंबईचा कापूस बाजार कुलाब्यात भरत होता. त्या जागेला कॉटन ग्रीन म्हणत. बी.बी.सी.आय. रेल्वेचे रूळ गुजरातच्या कापूस मुलुखातून आलेले, तेव्हा ते या बाजाराकडे वळणे साहजिकच होते. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकल सुरू झाली. १८७३ मध्ये कुलाब्याला प्रवासी स्टेशन झाले आणि १८९६ मध्ये त्याच्या जागी नवे, प्रशस्त स्टेशन आले. जेथे गासडी उतरते तेथे दलाल येतो, हमाल येतो, चहावालाही येतो. हे आम्ही आपल्याला काय सांगावे!

पुढे १९२० च्या दशकात पोर्ट ट्रस्टने शिवडीला कापसाची मोठी गोदामे उभारली आणि बाजार तिकडे गेला. जाताना नावही घेऊन गेला. हार्बर लाइनवरचे कॉटन ग्रीन स्टेशन ते हेच. इकडे सरकारने बॅकबेत भरणी घालून नवी जमीन काढायला घेतली होती आणि त्या योजनेत रुळांना जागा उरली नाही.

गंमत अशी की, वरून पाहणाऱ्याला स्टेशनची भरभराटच दिसत होती. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा-बोरिवली विजेची गाडी धावू लागली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पेशावरची फ्रंटियर मेल कुलाब्याहून सुटली. त्या दिवसांत कोणी स्टेशनसमोर गाळा घेतला असता तर आम्हीही त्याला मुबारकबादच दिली असती. पण १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रलचे उद्घाटन झाले, लांबच्या गाड्या तेथे गेल्या आणि ३१ डिसेंबरला कुलाबा स्टेशन कायमचे बंद झाले. विजेची तार लागून पुरी तीन वर्षेही झाली नव्हती!

त्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली, म्हणजे जवळजवळ ९५ वर्षांनी या भागात पुन्हा गाडी आली. आम्हीही तिने जाऊन आलो. प्रवास झकास आहे. माल न्यायचा असेल तर मात्र टेम्पोच करावा लागतो.