वाफेची समान वाटणी

मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्यात पाहुण्याला सगळ्यात आधी उंच कॉलम दाखवतात. खरं काम मात्र त्याच्या पोटातल्या प्लेटी करतात. इंजिनिअर त्यांना ट्रे म्हणतात, ऑपरेटरच्या तोंडी प्लेटच. 1830 साली आयर्लंडच्या एनियस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्याने आपल्या भट्टीचं पेटंट घेतलं, तेव्हाही आत भोकं पाडलेले पत्रेच होते. एकावर एक, साधारण अर्धा मीटर अंतराने बसवलेल्या या पत्र्यांवरून द्रव आडवा वाहतो, टोकाच्या पन्नासेक मिलिमीटरच्या बांधावरून खालच्या प्लेटवर उतरतो आणि भोकांतून चढणारी वाफ त्याला घुसळून फेस करते. त्या फेसात अल्कोहोल वाफेकडे जातं, पाणी द्रवाकडे येतं.

एका प्लेटवर वाफ जितकी समृद्ध व्हायला हवी त्यातली प्रत्यक्षात किती झाली, हे मोजायची रीत रसायन अभियंता मर्फ्री यांनी 1925 मध्ये घालून दिली. या हिशेबात वाफ सगळीकडून सारखी चढते असं गृहीत धरलेलं असतं. वाफेला त्या गृहीतकाचं सोयरसुतक नाही. जिथे द्रव उथळ, तिथून ती निघते.

द्रव तर सगळीकडे सारखा खोल नसतोच. वाहायचं म्हणजे चढ-उतार आलाच. मोठ्या व्यासाच्या, जुन्या बबल कॅपच्या, म्हणजे भोकांवर टोप्या बसवलेल्या प्लेटवर शिरण्याच्या बाजूला पातळी बरीच वर असते. वाफ मग बांधाकडच्या बाजूला गर्दी करते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे द्रवातलं अल्कोहोल सर्वांत कमी उरलेलं असतं. शिरण्याच्या बाजूला वाफच नसल्याने द्रव भोकांतून तसाच खाली गळतो. एकीकडे वाफ अर्धीकच्ची वर जाते, दुसरीकडे द्रव काम न करता खाली. दोघांची सरासरी काढून नुकसान भरून येत नाही. वरच्या प्लेटींवर ते जास्तच बोचतं, कारण तिथे 95 टक्क्यांच्या आसपास प्रत्येक प्लेट अल्कोहोलची तीव्रता आधीच जेमतेम पुढे सरकवत असते.

यावरचा उपाय मला या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतो: वाफेला मुद्दाम अडवायचं. ठिबकच्या नळीत ड्रिपरचं छिद्र बारीक ठेवतात, म्हणून शेवटच्या उसालाही पहिल्याइतकंच पाणी मिळतं, इथेही तेच. समजा, पूर्ण भारावर भोकांतून जाताना वाफेचा दाब 40 मिलिमीटर द्रवाइतका उतरतो. मग प्लेटवर 10 मिलिमीटरचा उंचसखलपणा असला तरी निभावतं. पण हा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वाफ निम्मी केली की 40 चे थेट 10 होतात आणि तोच उंचसखलपणा वाफेचा रस्ता ठरवू लागतो. पूर्ण भारावर गुण्यागोविंदाने चालणारा कॉलम अर्ध्या भारावर का रुसतो, त्याचं कारण बहुधा इथे असतं.

शिवाय आंबवलेलं मिश्रण ज्या कॉलममध्ये पडतं, तिथे यीस्टचा गाळ आणि क्षार भोकांत बसतात, आणि तेही सगळीकडे सारखे नाहीत. वर्षाच्या शटडाऊनमध्ये मॅनहोलमधून उतरून प्लेटी घासाव्या लागतात आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून, गवंड्यासारखीच, पातळी तपासावी लागते. चालू कॉलमचा अंदाज घ्यायला बाहेरून गॅमा किरणांचं स्कॅनिंग करतात.

एवढं करायच्या ऐवजी रिफ्लक्स, म्हणजे वरची वाफ थंड करून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव, वाढवण्याचा मोह नेहमीचा. अल्कोहोलची तीव्रता सांभाळली जाते, पण स्टीमचा खर्च चढतो, आणि तो प्लेटच्या नावावर कुणी लिहीत नाही. मळी कमी असल्याने कॉलम कमी भारावर चालतो त्या वर्षी दुसरा मार्ग आहे: प्लेटवरची काही भोकं पट्ट्या ठोकून बंद करायची. उरलेल्या भोकांतून वाफ जोरात जाते, अडथळा परत येतो, वाटणी सुधारते. मळी पुन्हा भरपूर आली, की त्या पट्ट्या आठवणीने काढायच्या. नाहीतर वाफेच्या रेट्याने द्रव खाली उतरायचा थांबतो आणि कॉलम तुंबतो.