फाटकावरची फाइल

भोसरी एमआयडीसीत सकाळी आठच्या सुमारास चक्कर मारली, की शेडांच्या फाटकांवर 'पाहिजेत'चे फलक दिसतात. फिटर 2, टर्नर 1, व्हीएमसी ऑपरेटर 4, हेल्पर दहावी-बारावी चालेल. खाली उभ्या पोरांच्या हातात प्लास्टिकची फाइल. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातला कामगार काय शिकला आहे, हे आकडेवारीत शोधण्याआधी ती फाइल उघडून बघावी. आकडेवारीत त्याच्या शिक्षणाला रकाना एकच मिळतो. फाइलमध्ये मात्र चार-पाच कागद असतात आणि प्रत्येकाचं वजन निराळं.

वरचा कागद दहावीच्या गुणपत्रिकेचा. टक्क्यांकडे इथे फारसं कोणी बघत नाही. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग मात्र नीट तपासतात, कारण पुढे पीएफचं खातं त्याच नावावर निघणार असतं.

त्याखाली आयटीआयचा दाखला, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. देशात ही कारागीर प्रशिक्षण योजना 1950 साली सुरू झाली. महाराष्ट्रात ती व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय चालवतं आणि नुसत्या शासकीय आयटीआयच चारशेहून अधिक आहेत. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. सरकारी मराठीत यांची नावं मोठी छान आहेत: जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, वीजतंत्री, संधाता. शॉपमध्ये मात्र 'अरे संधाता' अशी हाक मारलेली अजून कोणी ऐकलेली नाही.

फिटरच्या पहिल्या वर्षातले सुरुवातीचे महिने कानशीने जातात. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा, घासायचा, गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. गुण्या आणि धातू यांच्यातून प्रकाशाची रेघ दिसली, की परत घासायचं. तळहाताला फोड येतात. मग व्हर्निअर येतो, 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणारा. शेवटी एकमेकांत बसणारे दोन भाग करायचे असतात आणि त्यात 0.04 मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. फाटकावरच्या सुपरवायझरला त्या दाखल्यातून खरं तर एवढंच हवं असतं, की या पोराचा हात लोखंडाला लागलेला आहे. परीक्षेचा नियमही तसाच: थिअरीपेक्षा प्रात्यक्षिकात पास व्हायला जास्त गुण लागतात.

दाखल्याला टाचलेला पुढचा कागद अप्रेंटिसशिपचा. 1961 च्या कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आलं. आजच्या नियमांप्रमाणे 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. ट्रेडनुसार ठरलेला काळ कारखान्यात काढून परीक्षा दिली, की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. माझ्या मते फाइलमधला सगळ्यात बोलका कागद हाच. आयटीआयतली यंत्रं पुष्कळदा जुनी असतात. शिफ्ट म्हणजे काय, जॉब रिजेक्ट झाल्यावर कोणाचं तोंड कसं होतं, ऑफसेट चुकला तर किती रुपयांचा इन्सर्ट उडतो, हे त्या काळातच कळतं.

आता गंमत अशी, की विषय आणि काम यांची जोडी फार काळ टिकत नाही. टर्नरचा दाखला असलेला मुलगा व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर दिसतो, फिटर झालेला असेंब्ली लाइनवर बोल्ट कसतो. जॉब लावून बटण दाबतो तो ऑपरेटर. टूल बसवतो, शून्य पकडतो, ऑफसेट टाकतो तो सेटर. या दोघांच्या पगारात बराच फरक असतो, पण सेटरचं पुस्तकी प्रमाणपत्र बहुतेकांकडे नसतंच. ते शेजारच्या मशीनवरच्या 'दादा'कडून शिकलेले असतात.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. दहावीनंतर तीन वर्षं, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाची. डिप्लोमावाला बहुधा क्वालिटीत किंवा प्लॅनिंगला जातो. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. म्हणजे कानशीपासून पदवीपर्यंत जिना आहे. पण रात्रपाळी करून तो चढणं वेगळी गोष्ट.

काही कागद मात्र शिक्षणाचे नसतात, परवानगीचे असतात. विजेचं काम करायचं तर तारतंत्रीचा परवाना, बॉयलर चालवायचा तर बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र, तेही परीक्षा देऊन. वेल्डरचं तर आणखीच वेगळं. त्याला टेस्ट प्लेट वेल्ड करून द्यावी लागते, कुठल्या पोझिशनमध्ये तेही ठरलेलं: आडवी, उभी, डोक्यावरची. पाइपची 6जी पोझिशन जमली की वेल्डर ताठ मानेने चालतो. पण प्रेशर व्हेसलच्या कामात चालणाऱ्या अमेरिकन संहितेप्रमाणे सहा महिने त्या पद्धतीने वेल्डिंग केलं नाही, तर ती पात्रता संपते, परत प्लेट द्या. आमच्या बीएच्या पदवीला असा नियम नाही, हे बरं झालं.

आता मोजणीकडे. 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यांत 'पदवीच्या समकक्ष नसलेली तांत्रिक पदविका किंवा प्रमाणपत्र' असा एक रकाना आहे. दोन वर्षांचा फिटर आणि तीन वर्षांचा डिप्लोमावाला, दोघंही त्याच रकान्यात. त्यावरून गावात तांत्रिक शिक्षण घेतलेले किती, ते कळतं. वेल्डर किती आणि ड्राफ्ट्समन किती, ते कळत नाही. 2017 पासूनचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण थोडं पुढे जातं. त्यात औपचारिक प्रशिक्षणाखेरीज घरच्या धंद्यातून शिकलेले, स्वतः शिकलेले आणि काम करता करता शिकलेले, अशा वेगळ्या नोंदी होतात. मात्र ते नमुना सर्वेक्षण आहे, एका एमआयडीसीचं चित्र त्यातून निघत नाही.

राहिला तो 'दादा'. दहावी नापास, पंधरा वर्षं मशीनवर, दोन शिफ्टचे सेटर त्याच्या हाताखाली तयार झालेले. अशांसाठी पूर्वकौशल्याला मान्यता देणारी चाचणी सरकारी योजनेत आहे. थोडं उजळणी प्रशिक्षण, मग मूल्यमापन, मग प्रमाणपत्र. काही जण ते घेतातही. बाकीच्यांना सुट्टी बुडवून परीक्षेला बसायचं कारण दिसत नाही, कारण फाटकावर त्यांना फाइल कोणी मागतच नाही. फोन येतो: सोमवारपासून येतोस का, नवीन मशीन लागलंय.