टाइपव्यवस्था आणि मूल्यांची स्मृतीतील मांडणी

आज्ञावली लिहिणाऱ्याला केवळ ‘संख्या’ किंवा ‘यादी’ दिसते. ती संगणकाच्या स्मृतीत कोणत्या रूपात ठेवावी, हे कंपायलरला ठरवावे लागते. अपूर्णांक संख्या थेट प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवता येते, किंवा स्मृतीत अन्यत्र ठेवून तिचा पत्ता तेवढा वापरता येतो. पहिला मार्ग वेगवान आहे. तरीही एमएल कुळातील भाषांच्या कंपायलरांनी बहुधा दुसराच मार्ग पत्करला.

याचे कारण बहुरूपी फलनांत आहे. यादी उलटी करणारे फलन पूर्णांकांच्या यादीवर चालते, तसेच अक्षरमालांच्या यादीवरही; त्याचा यंत्रसंकेत मात्र एकच असतो. घटक किती जागा व्यापतो हे त्या संकेताला ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक मूल्य एकाच मापाचे असावे लागते. ओकॅमल भाषेत याची खूण आजही दिसते : ६४ बिटांच्या यंत्रावर तिचा नेहमीचा पूर्णांक ६३ बिटांचा असतो. उरलेला बिट पूर्णांक आणि पत्ता यांतील भेद ओळखण्यासाठी राखलेला आहे.

वस्तुतः कंपायलरने प्रत्येक पदाचा टाइप आधीच तपासलेला असतो. मग ती माहिती वाया का घालवावी? झेवियर लेरॉय यांनी १९९२ मध्ये यावर उपाय सुचविला. टाइप निश्चित असेल तेथे मूल्य मूळ रूपात वापरावे, बहुरूपी फलनाकडे जाताना ते वेष्टित करावे व परतताना वेष्टन काढावे. यादीचे रूपांतर मात्र असे करता येत नाही. प्रत्येक वेळी सर्व घटकांची नवी प्रत करावी लागेल. म्हणून यादीतील घटक वेष्टितच राहतात. एमएलटन या कंपायलरने निराळी वाट धरली : तो संपूर्ण आज्ञावली एकत्र वाचून प्रत्येक टाइपसाठी फलनाची स्वतंत्र प्रत काढतो. अर्थात त्यामुळे भागशः संकलनाची सोय गमवावी लागते.

लेरॉय यांनीच १९९७ मध्ये आपल्या पद्धतीची तुलना टाइपांचा आधार न घेणाऱ्या साध्या सुधारणांशी केली. उत्तम परिस्थितीत त्या सुधारणा तितक्याच प्रभावी ठरल्या आणि वाईट परिस्थितीत बऱ्याच सरस. स्वतःच्याच कल्पनेची अशी परखड तपासणी संशोधनात विरळाच आढळते.

हास्केलमध्ये टाइपांचा उपयोग वेगळ्या प्रकारे झाला. १९९१ मध्ये पेटन जोन्स आणि लॉन्चबरी यांनी अवेष्टित मूल्यांना भाषेतच स्वतंत्र टाइप दिले. २०१७ मध्ये आयझेनबर्ग आणि पेटन जोन्स यांनी मांडलेल्या पद्धतीत तर मूल्याचे स्मृतीतील रूप टाइपव्यवस्थेतच नोंदले जाते. ज्या फलनाच्या आदानाचे रूप अनिश्चित राहते, त्याची व्याख्या कंपायलर नाकारतो.