तारणाची खात्री

आपले तारण झाले आहे असे ख्रिस्ती मनुष्याने याच जन्मी निःशंकपणे म्हणावे काय, या प्रश्नावर युरोपात एके काळी तीव्र वाद माजला. मनुष्य स्वतःच्या कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, म्हणून त्याने देवाच्या अभिवचनावर निर्धास्त विसंबावे, असे मार्टिन ल्यूथरने प्रतिपादिले. उलट ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 साली, विशेष साक्षात्कारावाचून कोणीही अंतापर्यंत टिकून राहण्याची अढळ खात्री बाळगू नये, असा निर्णय दिला. अशा खात्रीतून उन्मत्तपणा आणि आचारशैथिल्य उद्भवेल ही भीती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. परंतु खात्रीचे अधिष्ठान कोणते, हे आधी पाहिले पाहिजे. ज्याच्या माफीचा हुकूम सरकारातून निघाला आहे, त्या कैद्याने सुटकेचा दाखला स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांत शोधू नये, हुकुमावरील शिक्क्यात शोधावा. 24 मे 1738 रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत ज्या जॉन वेस्लीला पापक्षमेचा प्रत्यय आला, त्यानेच पुढच्या जानेवारीत आपण ख्रिस्ती नाही असे रोजनिशीत लिहिले. भावनेवर भिस्त ठेवणाऱ्याची अवस्था ही अशी होते.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत जिव्हाळ्याचा अनुभव पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवला आहे. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे कित्येक वर्षे प्रार्थना, उपासना आणि लोकसेवा यथासांग चालू असता, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला पण ख्रिस्त लाभला नाही, हे त्यांना तीव्रतेने जाणवू लागले. त्याच सुमारास हॅस्लम नामक आंग्ल धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. इतरांना उपदेश करीत असताना आपलेच तारण झालेले नाही हे त्या गृहस्थाला उमगले होते, आणि ते वाचून बाईंनी स्वतःच्या श्रद्धेची झडती घेतली. स्त्रीला स्त्रीजन्मात मोक्षाचा अधिकार नाही, पतिसेवेच्या पुण्याईने पुढच्या एखाद्या जन्मी तो कदाचित मिळेल, ही शिकवण त्यांनी शास्त्राध्ययनात ऐकली होती. अशा स्त्रीला, जात, लिंग, विद्वत्ता वा संचित यांपैकी कशाचीही चौकशी न करता, विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही देव आपले अपत्य म्हणून आताच स्वीकारतो, हे कळले, तेव्हा तो केवळ सिद्धांत उरला नाही. जन्मजन्मांतरीची प्रतीक्षा एका क्षणात संपली. देवासमोर धैर्याने उभे राहावे, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. रमाबाईंच्या ठायी ते धैर्य अहंकाराचे नव्हते, कारण त्यात स्वतःच्या योग्यतेचा दावाच नव्हता.

अशा खात्रीतून उद्भवेल अशी भीती वाटणारे आचारशैथिल्य येथे कोठे दिसते? 1896-97 च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, आणि उपासमारीने खंगलेल्या, नराधमांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या शेकडो मुली व विधवा त्यांनी आश्रयाला आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला जे मुक्तिसदन उभे राहिले, त्याची जबाबदारी त्या 1922 साली मृत्यू येईपर्यंत वाहत राहिल्या.