उलटा वर्ग

“प्राध्यापकांनाही पुन्हा शिकावे लागते काय?” असे आपल्या मंडळींत कौतुकाने विचारले जाते. आमचे उत्तर, होय. आपल्या भोपाळात श्यामला टेकडीवर १९६५ साली स्थापन झालेली तंत्रशिक्षकांची राष्ट्रीय संस्था हेच कार्य करते. महाराष्ट्र व गोव्याचे अध्यापकही तेथे येतात. अशा प्रशिक्षणांत अलीकडे ‘उलटा वर्ग’ हा विषय असतो.

२००७ साली अमेरिकेत कोलोरॅडोतील बर्गमन व सॅम्स या रसायनाच्या शिक्षकांनी गैरहजर मुलांसाठी पाठ चित्रित केले. त्यांतून ही पद्धत नावारूपास आली. एरवी वर्गात नुसते ऐकायचे आणि अवघड उदाहरणे घरी एकट्याने सोडवायची. येथे क्रम उलटतो. किरचॉफचे नियम विद्यार्थी घरी दहा मिनिटांच्या चित्रफितीतून पाहतो. सर्किट मात्र वर्गात चौघे मिळून सोडवितात. अडले तर गुरुजी शेजारीच असतात.

चित्रफीत करणे त्या मानाने सोपे; मोकळ्या झालेल्या तासाचे काय करावे, हे ठरविणे कठीण. म्हणून अध्यापकाने प्रथम उद्दिष्ट लिहावे, मग घरी सोडवायचे दोन प्रश्न, मग गटाचे काम, आणि चित्रफीत न पाहता आलेल्यांची सोयही आखावी.

कारण कित्येक घरांत फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात! तेथे हुशार मुलगीही मागे पडेल. सभासद बंधुभगिनींनो, संध्याकाळचा अर्धा तास तो फोन आणि एक शांत कोपरा तिला द्या. गुरुजींच्या श्रमांचे चीज तेथेच होईल.